बाकाच्या पानाचं कोडं सुटलं, आता शेवट बदलतोय

लहान मुलांसाठी जे चित्रपुस्तक मी हाताने करते आहे, त्यातल्या बाकाच्या पानाचं कोडं सुटलं! इतके आठवडे ज्या एका पानावर घोडं अडलं होतं, ते परवा रात्री शिवून, घडी दाबून, हातात घेऊन उलटून पाहिलं आणि तिथल्या तिथे कळलं की जमलंय. रंगकामाला बसायच्या आधी सगळं लिहून ठेवते. अर्धं पान (पूर्ण पानांमध्ये शिवलेलं अरुंद पान) वापरायची कल्पना तुमच्यापैकी कुणाला तरी नक्की उपयोगी पडेल, आणि त्यातले खाचखळगे आधीच माहीत असलेले बरे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ३२ पानं, २० बाय २० सेंटीमीटर, रोजच्या चांगुलपणाच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक. भरलेल्या बाकाशी एक नवा मुलगा येऊन उभा राहतो आणि बाकावरची एक मुलगी वीतभर सरकते. बस, एवढंच घडतं. माझ्या नोंदवहीतल्या अशा छोट्या प्रसंगांच्या सगळ्या नोंदींमधून मी हीच निवडली, कारण यात कुणी कुणाला काही देत नाही. वस्तू नाही, त्याग नाही, धाडस नाही. लक्ष गेलं आणि सरकली.

आणि नेमकं तेच चित्रात येईना.

सरकणं ही हालचाल, चित्र तर थांबलेलं. नुसती रिकामी जागा काढली की ती आधीपासूनच होती असं वाटतं. मुलीला सरकताना मध्येच पकडलं की ती उठून चालली आहे किंवा बाकावरून घसरते आहे असं दिसतं. कॉमिकसारख्या वेगरेषा मारून पाहिल्या, पण बाकीच्या सगळ्या पुस्तकाचा सूर शांत असताना त्या एकाच पानावर फार गोंगाट झाला. मग दोन लागोपाठच्या स्प्रेडवर (स्प्रेड म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं) ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवलं. तर वाचन-गटातली मुलं ‘फरक ओळखा’ खेळायला लागली! दप्तराचा रंग, खिडकीतला पक्षी, कुणाचा मोजा खाली गेलाय, सगळं सापडलं. मुलगी सरकल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यात गटर, म्हणजे दोन पानांमधली शिवणीची घडी. पूर्ण रुंदीच्या स्प्रेडवर बाक आडवा टाकला की रिकामी जागा हमखास मधोमध येते, आणि मधोमध म्हणजे शिवणीत. पान वळून आत जातं तिथे दोन्ही बाजूंचा मिळून सेंटीमीटरभर भाग डोळ्यांपुढून जातो. ज्या वीतभर जागेसाठी आख्खं पुस्तक लिहिलं, तीच घडीत गडप. जागा बाजूला ढकलली तर रचना कलंडायची आणि मुलगी कोपऱ्यात जायची.

आणखी एक अडचण, जिच्यावर मागे आपलं बरंच बोलणं झालं होतं: मदत करणारा मोठा दिसतो आणि मदत घेणारा बापुडवाणा. मुलगा उभा, एकटा, भोवती मोकळा कागद, खांदे पडलेले. असा काढला की पाहणाऱ्याला त्याची कीव येते, आणि कीव आली की मुलगी आपोआप थोर होते. मला दोघं एका पातळीवर हवी होती. त्यासाठी मुलाचे खांदे सरळ केले, त्याच्या हातात त्याचं स्वतःचं पुस्तक दिलं, बोटाने पान धरून ठेवलेलं, म्हणजे येण्याआधी तो मजेत वाचत होता हे कळावं. त्याला बसायला जागा हवी आहे, दया नको आहे. मुलीचे डोळे आणि त्याचे डोळे एका रेषेत यावेत म्हणून आपली नजर बाकाच्या उंचीवर आणली. हा बदल छोटा वाटतो, पण लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) जुनं आणि नवं रेखाटन एकावर एक ठेवून पाहा, दोन निराळी माणसं दिसतात.

तरीही सरकणं दिसत नव्हतं ते नव्हतंच. शेवटी सुचलं ते कागदातून सुचलं. टाकाऊ डमीच्या (पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याच्या) पट्ट्या कापत होते आणि एक अरुंद पट्टी मधल्या स्प्रेडवर पडली. खालचा अर्धा बाक झाकला, बाजूचा उघडा राहिला. पट्टी उचलली की चित्र बदलतं, आजूबाजूचं तसंच राहतं. सरकवायचं काम वाचणाऱ्याच्या हातालाच द्यायचं!

आता रचना नीट सांगते. ३२ पानं म्हणजे मधे दुमडलेले ८ कागद, एकात एक घातलेले. १६-१७ हा मधला स्प्रेड, तिथे कागद सलग असतो. बाक मी तिथे आणला. त्याच्या आत, सगळ्यात मधे, १८ सेंटीमीटर रुंदीचा एक कागद दुमडून त्याच शिवणीत घेतला. त्याची ९-९ सेंटीमीटरची दोन अरुंद पानं झाली. गंमत अशी की या दोन पानांमुळे एकाच बाकाच्या तीन अवस्था मिळतात. पहिल्यांदा उघडता तेव्हा दोन्ही अरुंद पानं उजवीकडे असतात: मुलगी ऐसपैस बसलेली, शेजारी तिचं दप्तर, मुलगा मागे उभा. एक अरुंद पान उलटलं की मुलगी डावीकडे सरकलेली, दप्तर मांडीवर, उजवीकडे मोकळी फळी. दुसरं उलटलं की मुलगा बसलेला आणि त्याचं पुस्तक उघडलेलं. दोन्ही टोकांचा ११-११ सेंटीमीटरचा भाग तिन्ही वेळा तोच राहतो, त्यामुळे डोळा भलतीकडे भटकत नाही. जागाही आता शिवणीपासून दोन बोटं उजवीकडे, स्वच्छ दिसते. मधली अवस्था, जिथे फक्त रिकामी फळी आहे, ती मला सगळ्यात प्रिय आहे. तिथे मी एकही शब्द ठेवलेला नाही.

शब्द काढायला आधार आहे. २००५ साली इव्हान्स आणि सेंट-ऑबिन या संशोधकांनी, गोष्ट वाचून दाखवली जात असताना लहान मुलांची नजर कुठे जाते, हे मोजलं होतं. नजर जवळपास सगळा वेळ चित्रावर होती, मजकुरावर अगदी नावाला. मग ‘तिने त्याला जागा करून दिली’ हे वाक्य तिथे कुणासाठी ठेवायचं? वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला तिथे थांबू दे. मूल बोलेल.

आता ज्याने दोन शनिवार-रविवार खाल्ले ते: जोड. अरुंद पानाची कड खालच्या चित्रावर जिथे येते तिथे फळीची रेघ सरळ पुढे गेली पाहिजे. पेन्सिलीत ती जुळत होती. रंग भरून वाळवलं की दीड मिलिमीटरची पायरी पडायची! फळीसारख्या लांब आडव्या रेघेत दीड मिलिमीटर म्हणजे बाक तुटल्यासारखा दिसतो. आधी कटरवर संशय घेतला, मग पट्टीवर. दोषी निघाला ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा.

कागद पाण्याने फुगतो तो मुख्यतः ग्रेनच्या आडव्या दिशेने. माझ्या मोठ्या कागदांचा ग्रेन शिवणीला समांतर होता, म्हणून ते रुंदीत फुगत होते आणि फळीची उंची ढळत नव्हती. अरुंद पानाला छोटा तुकडा पुरतो म्हणून तो त्याच कंपनीच्या लहान पॅडमधून घेतला होता, आणि लहान पॅडचा ग्रेन नेमका उलटा. मोठा ताव अर्ध्यात कापला की लांबी-रुंदीची अदलाबदल होते, ग्रेन मात्र जिथल्या तिथे राहतो. पॅडच्या वेष्टनावर वजन छापतात, पोत छापतात, किती टक्के कापूस ते छापतात, मग ग्रेनचा एक बाण छापायला काय हरकत आहे? हाताने शिवणाऱ्यांना सगळ्यात आधी तोच लागतो. तोवर आपला जुना उपाय: कोपऱ्यातून चौकोनी तुकडा कापा, एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तीच ग्रेनची दिशा.

ग्रेन जुळवल्यावर पायरी जवळजवळ गेली. जी केसभर उरली तिच्यासाठी चित्रच हलवलं. बरोबर ९ सेंटीमीटरवर खाली बाकाचा पाय आणि वर खिडकीची चौकट आणली, म्हणजे कापलेली कड एका उभ्या रेषेत लपते. आधी फळ्या चार होत्या, आता एकच जाड फळी आहे. चार फळ्यांच्या रेघा जुळवण्यापेक्षा एकीच्या दोन जुळवणं सोपं, आणि पानही मोकळं झालं. फळीची कड जोडाशी मी ओल्यावर ओलं (ओल्या भागावर ओला रंग) सोडते, म्हणजे तिथे धार राहत नाही. गुआश, म्हणजे दाट अपारदर्शक रंग, या कामाला जलरंगापेक्षा बरा पडला. कमी पाण्यात भागतं, कागद कमी फुगतो, वरून दुरुस्तीही करता येते.

शिवणीचं थोडक्यात: १६० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, पाच भोकं, मेण लावलेला दोरा. जाड जलरंग कागद एकात एक घालून शिवायचा हट्ट मी सोडून दिला आहे, पुस्तक मिटतच नाही. दाभण बारीक घ्या. एकात एक आठ कागद घातले की आतले बाहेर डोकावतात आणि शेवटच्या कापणीत मधल्या स्प्रेडचाच काठ सगळ्यात जास्त जातो, म्हणून टोकाच्या मुलांना कडेपासून आत बसवलं. अरुंद पानाच्या बाहेरच्या कडेला सुरी लागतच नाही, ती शिवण्याआधीच अचूक कापलेली हवी.

काल संध्याकाळी रंग न भरलेली पण शिवलेली डमी वाचन-गटातल्या मुलांपुढे ठेवली. एका चार वर्षांच्या मुलीने अरुंद पान उलटलं, रिकामी फळी पाहिली, मग पान परत फिरवून जागा बंद केली आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुन्हा उघडली. हे ती बराच वेळ करत राहिली. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. मग तिच्याहून थोडा मोठा मुलगा उजव्या टोकाच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाला, “याला दिसलंच नाही.”

उजव्या टोकाचा पोरगा वाचत बसलेला आहे. तो स्थिर भागात आहे म्हणून तिन्ही अवस्थांत तसाच, मान खाली. मी त्याला रचनेच्या गरजेपोटी तसा ठेवला होता. त्या मुलाने त्याला गोष्टीत आणलं. आणि ‘वाईट आहे’, ‘सरकला नाही’ असं काही तो म्हणाला नाही. ‘दिसलं नाही’ म्हणाला. मी हरखून गेले.

म्हणून शेवट बदलतेय. आत्तापर्यंत ३०-३१ वर नवा मुलगा मुलीला आपलं पुस्तक देतो असं होतं. तो शेवट मला पहिल्यापासून खुपत होता, कारण तो परतफेड आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा २००८ चा प्रयोग आठवा. वीस महिन्यांच्या बाळांना मदत केल्याबद्दल वस्तू बक्षीस दिली, तर पुढे ती कमी मदत करू लागली. ज्यांची नुसती स्तुती केली किंवा ज्यांना काहीच दिलं नाही, ती करत राहिली. त्यांच्याच २००६ च्या प्रयोगात अठरा महिन्यांची बाळं पडलेली वस्तू अनोळखी माणसाला उचलून देत होती, त्याचा हात पोचत नाही एवढं दिसलं की पुरे. बक्षिसाचं पान गेलं.

त्या टोकाच्या पोराला धडा शिकवणारं पानही येणार नाही. तोही मोह होतो, ‘मग एके दिवशी त्यालाच जागा मिळाली नाही’ वगैरे. २०१४ च्या एका अभ्यासात खोटं बोलून शिक्षा भोगणाऱ्यांच्या गोष्टींनी मुलांच्या खरेपणात फरक पडला नाही, खरं बोलल्याबद्दल कौतुक झालेल्याच्या गोष्टीने पडला. शिक्षेची गोष्ट मुलांना भीती देते, करायचं काय ते देत नाही, असं माझं मत आहे.

त्याऐवजी: ३०-३१ वर तोच बाक, दुसरा दिवस. टोकाच्या पोराने मान वर केली आहे. कुणी आलेलं नाही, त्याने कुणाला जागा दिलेली नाही. तो फक्त इकडेतिकडे पाहतो आहे.

हे लिहितानाच आणखी एक डोक्यात आलं. तो पोरगा पान १७ वर उजव्या काठाशी आहे. ३१ वरही तो नेमका त्याच जागी, त्याच मापात आला, तर पान मागेपुढे करून पाहणाऱ्या मुलाला मान वर झालेली दिसेल. म्हणजे ३१ चं रेखाटन आधी १७ वरून ट्रेस करायचं आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं. क्रीपमुळे (आतले कागद बाहेर डोकावतात त्यामुळे) १७ चा काठ ३१ पेक्षा जास्त कापला जातो, तेव्हा माप काठावरून न घेता शिवणीपासून घ्यावं लागेल.

गोष्टीत प्राण्यांच्या जागी माणसं का, असं मागे तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं होतं. टोरांटो विद्यापीठातल्या गटाचा २०१८ चा अभ्यास हे माझं मुख्य कारण: चार ते सहा वर्षांच्या मुलांनी माणसांची गोष्ट ऐकल्यावर इतरांना स्टिकर जास्त वाटून दिले, तीच गोष्ट प्राण्यांची करून ऐकवली तेव्हा वाटप वाढलं नाही. बाकावर हत्ती सरकतो ते चित्र मलाही फार आवडायचं, त्याचं रेखाटन जपून ठेवलंय.

दुसऱ्या पुस्तकाची नोंदही ठरली. मूल टेबलाखालून उठत असताना कुणीतरी टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात धरतं आणि मुलाला ते कधीच कळत नाही. ते पूर्ण बिनशब्दांचं करायचा विचार आहे. तिथे अर्धं पान वापरणार नाही, तिथे हात आधीपासूनच असायला हवा.

या आठवड्यात मोठ्या तावातूनच नवी अरुंद पानं कापते, ग्रेन उभा ठेवून, आणि रंग भरण्याआधी सगळे कागद एकदा ओले करून ताणून वाळवते. कुणी अरुंद पानाच्या कडेला मुलांच्या हाताळण्याने पडणाऱ्या चिरा थांबवल्या असतील तर कशा, ते सांगा. कोपरे गोल करावेत असं वाटतंय, पण मग खिडकीची चौकट वरच्या टोकाला तुटेल.