शेवटचा क्लेम

जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेला राज्यातला एक रस्ते प्रकल्प ३१ मार्चला बंद झाला. त्यानंतर चार महिने सवलतीचे: मार्चपर्यंत झालेल्या कामाचे पैसे चुकते करायचे आणि क्लेम लावायचा, म्हणजे झालेल्या खर्चातला बँकेचा वाटा परत मागायचा. नवं काम त्यात धरत नाहीत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचा क्लेम तपासायला घेतला, तेव्हा त्यातलं एक पॅकेज, म्हणजे एका कंत्राटाखालचं काम, जुळेना.

पैशाची वाट आधी सांगतो. राज्याला परदेशातून थेट कर्ज काढता येत नाही, घटनेच्या कलम २९३ ची मर्यादा देशाच्या हद्दीपर्यंतच. म्हणून कर्जाच्या करारावर सही भारत सरकारची, राज्याची सही वेगळ्या प्रकल्प करारावर. खर्च आधी राज्याच्या अर्थसंकल्पातून, ट्रेझरीमार्फत होतो. मग खर्चाचा अहवाल दिल्लीला, अर्थ मंत्रालयाच्या कंट्रोलर ऑफ एड अकाउंट्स अँड ऑडिटकडे. आम्ही सगळे सीएएए म्हणतो. तिथून तपासून क्लेम बँकेकडे जातो, डॉलर केंद्राकडे येतात आणि केंद्र ते राज्याला रुपयांत देतं. २००५ पूर्वी आपल्यासारख्या राज्यांना यातलं ३० टक्के अनुदान मिळायचं. आता केंद्राला ज्या अटी, त्याच राज्याला. रुपया घसरला तर तो भारही राज्याचा.

परत आलेला पैसा राज्याच्या तिजोरीत जमा होतो, कार्यकारी अभियंत्याच्या हाती काही पडत नाही. त्याला अर्थसंकल्पातला निधी आधीच मिळालेला असतो. म्हणून विभागीय कार्यालयात क्लेमचा तक्ता हे लेखा लिपिकाचं उरलंसुरलं काम. सगळी गडबड तिथे उगवते.

या पॅकेजचं कंत्राट ३२ कोटींचं. सुरुवातीला कंत्राटदाराला कामाच्या जुळवाजुळवीसाठी १० टक्के उचल, म्हणजे मोबिलायझेशन अॅडव्हान्स दिला, ३.२० कोटी, आणि तो दिला तेव्हाच खर्च म्हणून क्लेमही केला. ते नियमात बसतं. पुढे काम चालू असताना निघणाऱ्या प्रत्येक रनिंग बिलातून त्याची वसुली झाली, पण तक्त्यात बिलं ही वसुली वजा न करताच चढवली होती. म्हणजे तोच अॅडव्हान्स दुसऱ्यांदा मागितला. बँकेचा वाटा ७० टक्के, तेव्हा जादा क्लेम २.२४ कोटींचा.

एक बिल उलगडून दाखवतो. काम ३ कोटींचं. अॅडव्हान्सची वसुली ४५ लाख, रिटेन्शन, म्हणजे कामात दोष निघाला तर हाताशी असावी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, १५ लाख, प्राप्तिकराची कपात ६ लाख. कंत्राटदाराला चेक २.३४ कोटींचा. क्लेमसाठी पात्र मात्र २.४० कोटी, कारण कापलेला कर हा कंत्राटदाराच्या नावे भरलेला खर्चच आहे, तर रिटेन्शन अजून दिलेलंच नाही. चेकची रक्कम धरली तर राज्याचं नुकसान, कपातीआधीची पूर्ण रक्कम धरली तर ऑडिटमध्ये अडकणार. एमबी (मोजमाप पुस्तक), बिलाचा गोषवारा आणि पैसे दिल्याचं ट्रेझरीचं प्रमाणक (व्हाउचर) शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. नुसत्या तक्त्यात दोन्ही आकडे सारखेच सभ्य दिसतात.

प्रकल्प चालू असता तर चिंता नव्हती. महालेखापालांचा ऑडिट अहवाल आर्थिक वर्षानंतर नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत जातो. त्यात नामंजूर झालेली रक्कम पुढच्या क्लेममधून वळती होते. इथे पुढचा क्लेमच नव्हता. वळती करायची ती याच क्लेममध्ये, नाहीतर नंतर रोख परतावा, आणि बंद प्रकल्पाच्या परताव्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद कोण ठेवतो? त्यामुळे जुन्या सगळ्या बिलांतली अॅडव्हान्सची वसुली एकत्र काढून शेवटच्या क्लेममधून वजा केली.

दिल्लीची तपासणी कागदांची असते, डांबर उकरून बघायला कोणी येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. खरी आहे. पण राज्याच्या तिजोरीवर पुढे बसणारा भुर्दंड थांबतो तो या कागदांपाशीच.

राहिलं रिटेन्शन. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर ते सोडायचं, तोवर चार महिन्यांची खिडकी कधीच बंद झालेली. मग पूर्ण रक्कम राज्याची. कंत्राटात बँक गॅरंटी घेऊन रिटेन्शन आधी सोडायची सोय होती. ज्या कंत्राटदारांनी गॅरंटी दिली, त्यांच्या गॅरंटीची खातरजमा देणाऱ्या बँकेकडून लेखी मागवली, बिलं ट्रेझरीत टाकली आणि मुदतीत प्रमाणक क्रमांक मिळाले तेवढीच क्लेममध्ये घेतली. एका पॅकेजच्या बँकेचं पत्र आलंच नाही. त्याचं रिटेन्शन राज्याच्या माथी. कर्जाची न उचललेली शिल्लक रद्द झाली.