गंज दिसतो, तडा दिसत नाही

माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आज अकरा बेंच व्हाइस, म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारे लोखंडी शिकंजे, आहेत. चार बाकांवर पक्के बसवलेले आहेत, सहा पोत्यावर ओळीने मांडलेले आहेत आणि एकाचे सुटे भाग रॉकेलच्या डब्यात पडून आहेत. घरच्यांच्या मते हे सगळे भंगार आहे. आणि अकरापैकी नऊ व्हाइस खरोखरच सांगली-मिरजेच्या भंगार दुकानांतून किलोच्या भावाने आलेले असल्यामुळे मला त्यावर फारसा वाद घालता येत नाही. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडल्यावर मी तीस वर्षे टूलरूममध्ये काढली. त्या तीस वर्षांत ज्या वस्तूसमोर रोज उभा राहिलो, तिच्याकडे नीट पाहायला मात्र निवृत्तीनंतरच सवड मिळाली.

आपल्या भागात जुने व्हाइस सापडतात याचे नवल वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तिकडे सातारा रोडला कूपरचा कारखाना उभा राहिला, आणि लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, पुढे ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव लहान वर्कशॉप निघाली. लेथ नसलेले वर्कशॉप मी पाहिले आहे, वेल्डिंग नसलेलेही पाहिले आहे. व्हाइस नसलेले पाहिलेले नाही. ही वर्कशॉप बंद पडतात तेव्हा मोटारी आणि लेथ विकले जातात आणि व्हाइस बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ढिगात जातो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी तिथे 45 फूट धरतात, एवढे सांगितले की सांगलीकराला पुढचे सांगावे लागत नाही. गावभागातल्या एका वर्कशॉपमधला व्हाइस त्या वेळी बाकासकट कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर मालकांनी लेथची मोटर वाचवण्यासाठी धावाधाव केली आणि व्हाइस दाराबाहेर ठेवून दिला. दिवाळीनंतर मी तो पाहिला तेव्हा स्पिंडलच्या, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या लांब स्क्रूच्या, आट्यांत गाळ वाळून सिमेंटसारखा घट्ट झाला होता आणि सरकता जबडा जागचा हलत नव्हता. "घेऊन जावा की," मालक म्हणाले, "बिडाच्या भावात लावा. आता ते काय फिरत नाही."

त्याच महिन्यात मी आणखी एक व्हाइस घेतला. जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गृहस्थांकडचा हा व्हाइस निळ्या रंगात न्हालेला होता, हँडल एका बोटाने फिरत होते आणि अक्षरांवर सोनेरी रंग ओढलेला होता. त्यासाठी मी पुरातल्या व्हाइसच्या चौपट पैसे मोजले. या दोन व्हाइसनी मला जे शिकवले, ते टूलरूममधल्या तीस वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

पुरातल्या व्हाइसला मी पहिले चार दिवस हातच लावला नाही. नटाच्या बाजूने डिझेल सोडत राहिलो. घाईने हँडलवर घण घालणारे लोक जुन्या व्हाइसचे जेवढे नुकसान करतात तेवढे कृष्णामाईने आजवर केले नसेल. पाचव्या दिवशी डिझेल पुसून काढले आणि शेडबाहेर नेऊन नटाभोवतीचा भाग ब्लो लॅम्पने हळूहळू, सगळीकडून सारखा तापवला. थेंबभर पाणी टाकल्यावर ते चर्र करून उडाले, तेव्हा दिवा बाजूला ठेवून आट्यांच्या तोंडाशी साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळते आणि गरम धातूच्या फटीत आपोआप ओढले जाते. तेल जिथे पोहोचत नाही तिथे ते पोहोचते. मग हँडल सोडवण्याच्या दिशेने न फिरवता आधी आवळण्याच्या दिशेने किंचित दाबले. गंजाची पकड बहुधा अशा उलट्या हिसक्यानेच मोडते. कट्ट असा आवाज आला आणि हँडल गव्हाच्या दाण्याएवढे सरकले. त्या दाण्याएवढ्या अंतराचा एक पूर्ण फेरा व्हायला संध्याकाळ झाली, कारण पुढे जेवढे सरकले त्याच्या निम्मे मागे, असेच जावे लागते; नुसते पुढे रेटले तर सुटलेला गाळ आट्यांत पुन्हा दाटतो.

स्पिंडल सुटले की बाकीचे सोपे असते. हँडल उलटे फिरवत राहायचे, म्हणजे सरकता जबडा स्पिंडलसकट पूर्ण बाहेर येतो आणि मागच्या भागातला नट मोकळा करता येतो. उरलेला गंज मी विजेने काढतो. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यावे, दर 4 लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा, 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे उणे टोक व्हाइसच्या भागाला आणि अधिक टोक एखाद्या जुन्या लोखंडी पट्टीला जोडावे, आणि पट्टी व भाग एकमेकांना कोठेही टेकणार नाहीत हे पाहावे. टोके उलटी जोडली तर पट्टीऐवजी व्हाइस झिजतो. पट्टी स्टेनलेसची कधीही घेऊ नये, कारण तिच्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होते. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघत असल्यामुळे हे काम उघड्यावर करावे आणि जवळ विडी पेटवू नये. रात्रभरात गंज काळ्या राखेसारखा होतो आणि ब्रशने निघून जातो. त्यानंतर भाग धुऊन, उन्हात कडक वाळवून लगेच तेल लावावे. चहाला गेलात तर परत येईपर्यंत तांबूस झाक आलेली असते.

गाळ आणि जुन्या रंगाचे पापुद्रे निघाल्यावर बिडातून अक्षरे वर आली: रेकॉर्ड, क्रमांक 3, मेड इन इंग्लंड. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा हा छाप, आणि त्यांच्या क्रमांक 3 चा जबडा 4 इंची असतो. मी पट्टी लावून पाहिले, भरला. स्पिंडलच्या आट्यांच्या कडा शाबूत होत्या, सरकता भाग घळीत डगमगत नव्हता, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर तो घंटेसारखा वाजला. गंज त्वचेपुरताच होता.

आता निळ्या व्हाइसची गोष्ट सांगतो. माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. हा व्हाइस घेताना मी रंगाला भुललो आणि वाजवायचे विसरलो. घरी आणून ठोकला तर आवाज बद्द आला. आयटीआयमध्ये आमच्या निदेशकांनी तडा शोधण्याची जी युक्ती दाखवली होती ती मी तेव्हा करून पाहिली. संशयाच्या जागेवरचा रंग खरवडून तिथे रॉकेल चोपडले, थोड्या वेळाने फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडू घासला. दहा मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओलसर रेघ उमटली. जबड्याच्या मुळापासून निघून ती तिरकी खाली गेली होती. वरून पुट्टी भरून, घासून, त्यावर तो देखणा निळा रंग चढवलेला होता. विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, हे विचारायला मी गेलो नाही. पैसे तर गेलेच होते.

असा तडा कशाने जातो, हे एका हिशेबाने कळते. हँडलचे टोक मध्यापासून 250 मिलिमीटरवर असेल तर एका फेऱ्यात हात सुमारे 1570 मिलिमीटर फिरतो, आणि आट्यांचे अंतर 5 मिलिमीटर असेल तर तेवढ्यात जबडा फक्त 5 मिलिमीटर सरकतो. म्हणजे जोर 314 पट झाला. त्यातला तीन चतुर्थांश घर्षणात गेला असे धरले, तरी हाताच्या 20 किलोंच्या जोराचा जबड्यावर दीड टन दाब होतो. कारखाना हँडल तेवढेच लांब ठेवतो, ते लोखंड वाचवण्यासाठी नव्हे. कोणी त्यावर पाइप चढवून लांबी तिप्पट केली की दाब साडेचार टनांवर जातो. बीड चेपण्याचा दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही, कारण त्याच्या आत ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्या पसरलेल्या असतात आणि ताण पडला की प्रत्येक पाकळी चिरेचे काम करते. जबडा मागे रेटला जातो, त्याच्या मुळाशी ताण साचतो, आणि एक दिवस तिथे केसाएवढा तडा उमटतो. म्हणून व्हाइस घेताना मी आता रंग, गंज किंवा छाप यांच्या आधी हँडल पाहतो. ते वाकलेले असेल तर पाइप लागलेला आहे असे समजावे आणि खडू-रॉकेल काढावे.

फुटलेले बीड जोडता येते. आधी तापवून निकेलच्या रॉडने वेल्डिंग किंवा पितळेने ब्रेझिंग करतात आणि नंतर भाग कोरड्या चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ देतात. पण जबड्याच्या मुळाशी अशा जोडावर माझा विश्वास बसत नाही. निळा व्हाइस मी लाकडाच्या पट्ट्या धरण्यापुरता ठेवला आहे.

रेकॉर्डची एक पट्टी नव्हतीच. जबड्यांच्या तोंडाला दोन स्क्रूंनी बसवलेल्या या पोलादी पट्ट्या झिजतात, आणि बदलता याव्यात म्हणूनच वेगळ्या केलेल्या असतात. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा लाल करून राखेत थंड केला, म्हणजे तो कानशीला मऊ झाला. मग भोके पाडून, कानशीने सपाट करून, लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत पुन्हा तापवून तेलात बुडवला. त्यानंतर जरासे तापवून तिचे थोडे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवावे लागते, नाहीतर पट्टी काचेसारखी फुटते. एका पट्टीला दोन दिवस लागले. बाजारातून आणून बसवणे शहाणपणाचे होते, हे मला मान्य आहे.

स्क्रूबाबत मात्र माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती अनेक जण करतात. दुसऱ्या एका जुन्या इंग्रजी व्हाइसला मी घरातला 8 मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू लावायला गेलो. भोक 5/16 इंच व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी आट्यांच्या मापाचे, होते. दोन्हींच्या व्यासात पाव मिलिमीटरचाही फरक नाही, त्यामुळे पहिले दोन फेरे गोडीने गेले आणि मग अडकले. व्हिटवर्थमध्ये इंचाला 18 आटे असतात, त्या मेट्रिकमध्ये सुमारे 20. एकाचा कोन 55 अंशांचा आणि दुसऱ्याचा 60 अंशांचा. मला वाटले गंज आहे, म्हणून जोर लावला आणि ऐंशी-नव्वद वर्षे टिकलेले आटे पाच सेकंदांत खरवडले. स्क्रू डबीतून काढण्याआधी पिच गेज, म्हणजे आट्यांचे अंतर मोजणारी पट्टी, लावावी हे शिकायला मला तीस वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

रंगाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर साध्या इनॅमलचे दोन हात पुरेत. सरकत्या भागाच्या घासणाऱ्या बाजूंना रंग लावणे हा अडाणीपणा आहे, आणि अक्षरे सोनेरी करणे ट्रकच्या मागच्या फळीवरच शोभते असे मला वाटते. पाठीवरचे छिन्नीचे आणि ड्रिलचे वार ग्राइंडरने घालवू नयेत. ते वार पाहून तिथे काम करणारा डावखुरा होता की उजवा, हेदेखील कळते.

निगा म्हणाल तर फार नाही. काम झाल्यावर ब्रशने कीस झाडावा. सरकत्या भागाला पातळ तेल द्यावे, ग्रीस नव्हे, कारण ग्रीसला कीस चिकटतो आणि तो कानशीसारखा घासत राहतो. ग्रीस नटाला आणि हँडलमागच्या कॉलरला. नरम धातूचा जॉब धरताना जबड्यांवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या घालाव्यात. काम संपल्यावर जबडे आवळून ठेवू नयेत. बोटभर फट ठेवावी आणि हँडल उभे लोंबते सोडावे. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा तेलाचे फडके फिरवतो.

गेल्या महिन्यात गावभागातले ते मालक अचानक घरी आले. रेकॉर्डसमोर ते न बोलता ताठ उभे राहिले, मूठ हनुवटीखाली धरली आणि कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकते का ते पाहिले. व्हाइसची उंची मोजण्याची ही जुनी पद्धत आहे. कोपर जबड्यापर्यंत आले नाही, दोन बोटे वर राहिले. "तुमच्या मापाचा लावलाय," ते हसून म्हणाले. मग हँडल एका बोटाने फिरवून पाहिले, खिशातून कागदात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी काढली आणि म्हणाले, "पुरानंतर खिळ्यांच्या डब्यात घावली. हिचीच असणार."

चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून माझी पट्टी उतरवली आणि ती लावून पाहिली. एक भोक बरोबर बसले. दुसरे जवळजवळ एक सूत बाजूला आहे. पट्टी सध्या खिडकीत ठेवली आहे.