तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेले ऐंशी जातात कुठे?

"शंभर इलेक्ट्रॉन आत घालायचे आणि प्रकाशकण बाहेर वीसच? मग इतकी वर्षं केलंस काय?" काका दर दिवाळीला माझ्या एलईडींबद्दल विचारतात. तुमच्यापैकीही बरेच जण विचारता, जरा आडवळणाने. एकदाचं सांगून टाकते.

मी पेरोव्स्काइट एलईडीवर काम करते. पेरोव्स्काइट म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मांडणीचा स्फटिक; माझा सिझियम, शिसं आणि ब्रोमिन यांचा. वीज दिली की पोपटाच्या पंखासारखा हिरवा. त्याची रचना 1958 पासून ठाऊक आहे, पण 2015 साली त्याच्या नॅनोस्फटिकांचे, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचे, पहिले डायोड (एलईडीच) झाले तेव्हा हिरव्याची कार्यक्षमता 0.12 टक्के होती. हजार इलेक्ट्रॉनमागे जेमतेम एक प्रकाशकण! त्यापुढे वीस म्हणजे चैन आहे, काका.

स्फटिक बिचारा चमकायला तयारच असतो. नाटकं करते ती फिल्म, म्हणजे काचेवर बसवलेला त्याचा थर. द्रावणाचे थेंब काचेवर टाकून काच गरागरा फिरवायची, की पातळ थर बसतो. पण द्रावणातला एक घटक, सिझियम ब्रोमाइड, विरघळायला कुरकुरतो, आणि वाळताना स्फटिक आपापले गट करून बसतात. मध्ये भोकं. घावनाला जाळी पडली तर सुगरण म्हणतात. आमच्या फिल्मला पडली तर दिवस वाया. त्या भोकांतून वीज उजेड न देताच आरपार निघून जाते. यावर एक साधा उपाय निघाला: द्रावणात थोडं पॉलिइथिलीन ऑक्साइड मिसळायचं. हे लांब साखळी-रेणूंचं पॉलिमर भोकं बुजवतं, स्फटिकही बारीक आणि दाट बसतात. जास्त झालं तर मात्र वीजच अडते, कारण ते स्वतः वीज वाहत नाही. माझे कित्येक महिने या 'थोडं' म्हणजे किती, यातच गेले.

भोकं बुजली तरी स्फटिकांच्या कडांवर ब्रोमिनच्या रिकाम्या जागा उरतात. तिथे अडकलेला इलेक्ट्रॉन बहुधा उष्णता देऊन संपतो. 2018 साली चीनमधल्या हुआछियाओ विद्यापीठातल्या गटाने सिझियमच्या स्फटिकांना मिथाइल अमोनियम ब्रोमाइडचं कवच दिलं, या जागा झाकल्या आणि 20.3 टक्के गाठले. कवच सेंद्रिय (कार्बनी रसायनाचं) आहे, म्हणजे डायोड निखळ असेंद्रिय नाही, हे आमच्यातले सोवळे लोक लगेच सुनावतात. असेनात का.

आता ऐंशींचा हिशेब. चांगल्या डायोडमध्ये त्यातले बरेचसे इलेक्ट्रॉन वाया गेलेलेच नसतात. त्यांचा प्रकाश होतो, पण तो आतच कोंडतो. विहिरीत बुडी मारून तिरकं वर पाहिलं तर आभाळ दिसत नाही, पाण्याचा आरसा दिसतो. तसाच फिल्ममधून तिरका निघालेला किरण पृष्ठभागावरून माघारी फिरतो. सपाट डायोडमधून साधारण पाचवा हिस्साच सुटतो. म्हणून वीस टक्क्यांनंतरची लढाई रसायनाइतकीच काचेची आणि थरांच्या जाडीची आहे.

"बरं, मग दिवा बाजारात कधी?" हा काकांचा पुढचा प्रश्न. त्या 20.3 टक्क्यांच्या डायोडचा उजेड निम्म्यावर यायला शंभरेक तास लागत, तेही मंद उजेडात. कारण विजेच्या दाबाखाली स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जागा सोडून सरकू लागतात. काकांच्या देवघरातला साधा एलईडी आठ वर्षं जळतोय. दिवाळीत मी त्याच्याकडे पाठ करून बसते.