एक मॉस मोजायचं कसं? युरोपातल्या परिषदांमधून, ठाण्याच्या मंडळींसाठी

मॉस आणि लिव्हरवर्ट या ओलाव्यात वाढणाऱ्या छोट्या, बिनफुलांच्या वनस्पती वाचवण्यासाठी इकडे युरोपात आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात, असं सांगितलं की ठाण्यातली मंडळी आधी हसतात. ज्याच्यावर सोसायटीत दर पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर पडते, त्याचं संवर्धन? (जिन्यावरचं ते बुळबुळीत हिरवं बहुतेक वेळा मॉस नसतंच, पण ते असो.) शाळेत फ्युनारिया (मॉस) आणि मर्केंशिया (लिव्हरवर्ट) यांची आकृती काढून मार्क मिळवलेल्यांनी तरी पुढचं वाचावं. या परिषदांत चालणारं बरंचसं काम ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहून करता येतं.

सगळं फिरतं ते लाल यादीभोवती, म्हणजे कोणती जात किती संकटात आहे हे सांगणाऱ्या यादीभोवती. युरोपात या वनस्पतींच्या संवर्धनासाठी समिती १९९० मध्ये झाली, १९९५ मध्ये रेड डेटा बुक निघालं आणि २०१९ मध्ये आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) निकषांवर अख्ख्या युरोपची यादी आली. सुमारे १८०० जाती तपासल्या, त्यांतल्या पाचात एकीहून जास्त संकटात निघाल्या. जगात अशा जाती साधारण २० हजार आहेत. त्यातल्या बहुतेकांचं असं मूल्यमापन झालेलंच नाही.

भाषणं ठीक असतात. खरी खडाजंगी होते ती मोजणीवरून. लाल यादीचा एक निकष सरळ प्रौढ जीवांची संख्या विचारतो: ५० पेक्षा कमी असतील तर अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त, १००० पेक्षा कमी असतील तर असुरक्षित. आता तळहाताएवढ्या मॉसच्या गादीत शेकडो दांड्या असतात. त्या एकाच बीजाणूतून (मॉसच्या ‘बी’सारख्या कणातून) आल्या की अनेकांतून, हे बघून कळत नाही. तडजोड अशी ठरली: जमिनीवर किंवा खडकावर वाढणाऱ्या जातीने व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे एक जीव. झाडावर किंवा कुजक्या ओंडक्यावर वाढणारी असेल तर एक झाड किंवा एक ओंडका म्हणजे एक जीव. शास्त्र म्हणून लंगडं आहे, पण सगळे एकाच मापाने मोजतात, आणि यादीला तेवढं पुरतं.

बक्सबौमिया व्हिरिडिस हे मॉस बघा. कुजलेल्या सूचिपर्णी ओंडक्यांवर वाढतं, युरोपीय कायद्याने संरक्षित आहे. पानं जवळपास दिसतच नाहीत. दिसते ती सेंटिमीटरभर देठावरची, एका बाजूने चपटी, फुगीर, बीजाणूंची बोंडी. कोरड्या वर्षी बोंड्या येत नाहीत आणि मोजणारा वहीत शून्य लिहून घरी जातो, मॉस मात्र ओंडक्यात असतंच. म्हणून बोंड्यांपेक्षा ओंडके मोजणं शहाणपणाचं.

दुसरा निकष क्षेत्राचा. नकाशावर २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि जात सापडलेले चौकोन मोजायचे. एक चौकोन ४ चौरस किलोमीटर. अतिसंकटग्रस्तची मर्यादा १० च्या आत, म्हणजे दोन चौकोन. येऊरला एक, पारसिकच्या डोंगरावर एक आणि कर्नाळ्याला तिसरा सापडला, की जात त्या वर्गातून बाहेर. अर्थात नुसतं क्षेत्र चालत नाही. ठिकाणं फार थोडी असणं, सतत होणारी घट आणि टोकाचे चढउतार, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

आपल्याकडच्या पावसाळी जाती अडकतात त्या या चढउतारापाशी. सह्याद्रीतल्या ओल्या, सावलीच्या कपारीत पिवळट हिरवं चमकणारं सायथोडियम, किंवा शेतातल्या ओल्या मातीवर चांदणीसारखं पसरणारं रिक्सिया, ही दोन्ही लिव्हरवर्ट, पावसात येतं आणि उन्हाळ्यात गायब होतं. ही घट नव्हे. आययूसीएनचे नियमच सांगतात की एका जीवनावस्थेतून दुसरीत जाणं हा चढउतार धरायचा नाही. म्हणून तुलना जुलैची पुढच्या जुलैशी करा, जुलैची मार्चशी नको. आणि जाऊन सापडलं नाही तर तेही तारखेसह लिहा. ‘नव्हतं’ ही नोंद जवळपास कुणीच ठेवत नाही, आणि घट सिद्ध करायला तीच लागते.

नमुना घ्यायचा तर दहा रुपयांच्या नाण्याएवढा, तोही गादी तळहातापेक्षा मोठी असेल तरच. ए-४ कागद खालून वर दुमडा, वर ७ सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडा. दोन्ही बाजू ३-३ सेंटिमीटर मागे वळवा, मग पट्टी खाली घ्या. साधारण १५ बाय ११ चं पाकीट होतं. प्लास्टिकची पिशवी नको, जुलैच्या हवेत लगेच बुरशी धरते. इस्त्री किंवा जड पुस्तकांखाली दाबणंही नको, पानांची ठेवण बिघडली की ओळख पटत नाही. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा, मग सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. मॉस वर्षांनी भिजवलं तरी पानं उलगडतात. लिव्हरवर्टचं तसं नाही. त्यांच्या पेशींतले तेलकण वाळवताना नाहीसे होतात आणि बऱ्याच जातींची ओळख त्यांच्यावरच असते. ते ताजे असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट करून फोटो काढा. बाहेर फिरताना १० पटीचं भिंग चालतं, २० पटीचं असेल तर उत्तम.

पाकिटावर अक्षांश-रेखांश, तारीख आणि कशावर वाढलं ते हवंच: कातळ, माती, आंब्याची साल की सिमेंटची भिंत. नुसतं ‘ठाणे जिल्हा’ लिहिलेला नमुना कुठल्याच चौकोनात बसत नाही, म्हणजे फुकट. येऊरचा राष्ट्रीय उद्यानातला भाग आणि कर्नाळा अभयारण्य इथे वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. फोटोवर भागवा.

परिषदेला यायचा विचार असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. पाकिटं मात्र बॅगेत टाकून आणू नका. भारताचा २००२ चा जैवविविधता कायदा आणि २०१४ पासून लागू झालेला, जैविक साधनं देशाबाहेर वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार, दोन्हींत परवानगीची बाब येते, आणि कागद नसतील तर इकडच्या वनस्पतिसंग्रहालयांना ते नमुने घेणं अवघड होतं. फोटो, मोजणी आणि अक्षांश-रेखांशांची एक्सेल शीट घेऊन या. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर बसून चर्चा करायला तेवढं पुरे.