पॅसेजची डावी भिंत: डॅडो रद्द, आता सगळं तुळयांना टांगायचं

पहिला जोराचा पाऊस झाला आणि डाव्या भिंतीने रंग टाकला. उन्हाळ्यात केलेली पुट्टी, त्यावरचा प्रायमर, वर दोन हात इमल्शन, सगळं गुडघ्यापासून कमरेपर्यंत फुगून आलंय. फोड दाबला की पापुद्रा हातात येतो आणि आतून पांढरी भुकटी सांडते. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. मागच्या पोस्टमधले फोटो बघून ज्यांनी "आता फक्त आरसा लावा, झालं काम" असं म्हटलं होतं, त्यांनी जरा दम धरा. आरसा कपाटामागे उभा आहे आणि बहुतेक हिवाळ्यापर्यंत तिथेच राहणार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं जुनं घर, काळ्या दगडाचं जोतं, वर मातीत बांधलेल्या विटा, कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. रस्त्याच्या दारापासून माजघरापर्यंत साडेतीन फूट रुंद आणि अठरा फूट लांब पॅसेज. उजवीकडे सोपा (ओसरी), डावीकडे भिंतीपलीकडे शेजाऱ्यांशी सामाईक बोळ. डाव्या भिंतीला खाली डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरचं लाकडी आवरण), आरसा आणि चपलांचं कपाट, असा बेत होता.

आमच्याकडच्या पावसात हवाच इतकी दमट असते, की पाणी भिंतीतनं येतंय की हवेतलं भिंतीवर बसतंय हे आधी ठरवावं लागतं. त्याची परीक्षा सोपी आहे. फोड खरवडून काढायचे, पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉईल हातभर कापून चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवायची आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. आपल्याकडच्या बाजूला दव धरलं तर हवेचा दोष, मागच्या बाजूला ओल आली तर भिंतीचा. आमची फॉईल सोडवली तर मागून थेंब ओघळले. त्या भिंतीत नळाची पाइप नाही आणि छताकडून खाली येणारा डागही नाही. खालून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते आणि आमची पांढरी रेघ बरोब्बर तिथेच आहे.

गिलाव्याच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आतल्या भिंतीला हातसुद्धा लावला नाही. बाहेर बोळात गेले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "वैनी, तुमचं जोतं कुठं हाय?"

नव्हतंच. म्हणजे होतं, पण गाडलं गेलेलं. दर वेळी बोळाचं काँक्रीट करताना जुना थर न उखडता वर नवा थर पडत गेला. आता बोळ आमच्या फरशीपेक्षा चार बोटं वर आहे. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी खाली दगड ठेवला आणि वीट त्याच्या वर, पाण्यापासून लांब घेतली. काँक्रीट दगड ओलांडून विटेला टेकलं आणि ती सगळी योजना फुकट गेली. पन्हाळीचं पाणी काँक्रीटवर पडतं, उतार नेमका भिंतीकडे, आणि वीट ते निवांत शोषत बसते. त्यात पूर्वी कधीतरी भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा झालेला. सिमेंटमधून ओलीला सहज वाट मिळत नाही, म्हणून ती वर चढते. जिथे फट सापडते तिथे पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि त्यांचे खडे वाढताना रंगाला ढकलून देतात. एवढं कळल्यावर इमल्शनला शिव्या घालण्यात अर्थ उरला नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मला आतून मारायचा डॅम्पप्रूफ कोट विकायचा भारी प्रयत्न झाला. "पाच वर्षं बघायला नको." गच्चीला किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला असल्या मालाचा उपयोग आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खालून पाणी पिणाऱ्या विटेला आतून झाकण म्हणजे ओल कोंडणं. ती आज कमरेला आहे, उद्या खांद्याला येईल. पीओपीचं तर नावच नको, जिप्सम ओलीत मऊ पडतं. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पाणी येऊन गेलं आणि भिंत वाळायला मोकळी झाली. आमच्या भिंतीला दर पावसात नवा पुरवठा होतो, तो तोडल्याशिवाय आतलं काहीही टिकणार नाही.

बोळ सामाईक, त्यामुळे शेजारच्या अण्णांना विचारणं आलं.

"अण्णा, आमच्या भिंतीलगत वीतभर काँक्रीट कापायचं म्हणते."

"काप की. पण पाणी माझ्याकडं ढकलू नको, पोरी."

त्यांना कागदावर काढून दाखवलं: नऊ इंच रुंद पट्टी, विटा संपून दगड लागेपर्यंत खोल, तळाला भोकं पाडलेली पाइप थेट गटाराकडे, वर खडी. पन्हाळीलाही उभी पाइप जोडून तिचं पाणी परस्पर गटारात. अण्णांनी चष्मा वर केला, स्वतःच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "माझ्या बाजूला किती खर्च येईल?" त्यांचाही लोणा निघाला! आता त्यांची पट्टीही पुढे-मागे होईल.

उघडीप मिळाली तेव्हा कटर आणला. काँक्रीटचे तुकडे निघाले आणि खालून टाकीचे घाव असलेला काळाभोर दगड वर आला. गल्लीतली माणसं येऊन हात लावून गेली. या सगळ्या प्रकल्पात आतापर्यंतचा सर्वांत देखणा भाग हाच, आणि तो घराच्या बाहेर आहे.

आतलं काम पुढीलप्रमाणे चाललंय. लोण्याच्या रेघेच्या वर दीड फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा उतरवला. विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे आणि सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकायचे. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. मग भिंत नुसती वाळू द्यायची. गिलावा चुन्याचाच, वाळू तिप्पट, वर थोडी सुरखी (विटांची पूड), कारण ओलसर जागी चुना नुसत्या हवेवर धरायला फार वेळ घेतो. चुनकळी विझवून, पाण्याखाली मुरवत ठेवलेला मऊसूत चुना आणि पोत्यातली कोरडी पावडर यांत कामाला फरक पडतो, असं मिस्त्री ठासून सांगतात. मुरवलेला चुना थापीखाली कसा सरकतो ते बघितल्यावर मी त्यांच्या बाजूची झाले. पोत्यातली पावडर सफेदीला ठीक.

आत्यांना मात्र गणपतीची काळजी. "उघड्या विटांतनं गणपती आत आणायचा होय?" गिलावा तोवर होणं शक्यच नाही, आणि ओल्या भिंतीवर घाईने केला तर सगळं मुसळ केरात. तडजोड अशी झाली की विटांवर थेट चुन्याची सफेदी मारायची. ती भिंतीचा श्वास अडवत नाही. आत्या म्हणाल्या, मग खाली गेरूचा पट्टा हवा, त्यांच्या माहेरी असायचा. चुन्यात गेरू कालवून तीन फुटांपर्यंत पट्टा मारून बघितला आणि माझं डोकं चालायला लागलं. मी खाली सागवानी पट्ट्यांचा डॅडो करणार होते ना? डाग झाकायला? तो आत्तापासून रद्द. लाकडाच्या मागे ओल कोंडली की वाळवीला आमंत्रणच. गेरूचा पट्टा चपलांचे शिंतोडे लपवतो, काळ्या शहाबादीवर उठून दिसतो, आणि भिंतीत उरलेले क्षार पुढची काही वर्षं बाहेर पडत राहिले तरी झाडायचं आणि दिवाळीला एक हात मारायचा. गिलावा झाल्यावरही हाच पट्टा राहणार. आत्यांचं श्रेय मान्य.

उजव्या भिंतीचं पटकन सांगते, तिथे सगळं सुरळीत. टू-वे स्विच बसले, वायरिंग खाचा न पाडता वरून लोखंडी पाइपातून नेलं. दिवे 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, भिंतीच्या कडेने खाली प्रकाश टाकणारे. उद्यमनगरातून 3 मिलिमीटरच्या पत्र्याच्या खुंट्या लेझर कटिंग करून, पावडर कोटिंगसह आणल्या. रेडीमेड आणल्या असत्या तर ओल्या रेनकोटाच्या वजनाने वाकल्या असत्या, ह्या वाकत नाहीत. आपल्या गावात असली कामं करून मिळतात आणि लोक ऑनलाइन प्लास्टिकचे हूक मागवतात, काय बोलायचं!

राहिला चपलांचा प्रश्न. मूळ बेत भिंतीला चिकटून सात इंच खोलीचं, पुढे कलणाऱ्या दारांचं बंद कपाट. साडेतीन फुटांतून सात इंच गेले तरी चालायला जेमतेम तीन फूट उरतात, म्हणून तेवढंच परवडत होतं. पण आमच्या घरात कोल्हापुरी चपला आहेत, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याच्या. श्रावणात बंद कपाटात ठेवल्या की आठवड्यात हिरव्या होतात. म्हणून जाळीची दारं, आणि प्लाय आयएस 710 चा, म्हणजे मरीन. सुताराने आयएस 303 मधला एमआर, म्हणजे थोडीशीच ओल सोसणारा, सुचवला होता, ओल्या भिंतीशेजारी तो नको. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवायचं, असं इथपर्यंत ठरलं होतं.

आणि हे लिहिता लिहिता वाटतंय, पायांवर उभं तरी कशाला करायचं? वर चांगल्या सागवानी तुळया आहेत. उद्यमनगरातून 10 मिलिमीटरचे रॉड आणून चपलांची मांडणी, वरची किल्ल्या-टपालाची फळी आणि आरसा, सगळं तुळयांनाच टांगलं तर डाव्या भिंतीला एकही खिळा लागणार नाही. खाली नऊ इंच मोकळे राहिले की झाडू सरळ फिरेल आणि भिंतीच्या पायथ्याला वारा लागेल. मांडणी डोलू नये म्हणून खालून दोन रॉड फरशीत अडकवता येतील. खोली सात इंचच ठेवायची. प्लायऐवजी पाडलेल्या वाड्यातल्या जुन्या सागवानाच्या पट्ट्या चालतील, डॅडोसाठी घेतलेल्या तशाच पडून आहेत!

तुळया पेचकसने टोचून बघितल्या. दाराजवळची एक टोकाला भुसभुशीत लागली, ती सोडून द्यायची. बाकीच्या टणक आहेत. ज्यांनी जुन्या कडीपाटाला झोपाळा किंवा जड झुंबर टांगलंय त्यांनी सांगा: तुळईला आरपार भोक पाडून बोल्ट घातलात, की लोखंडी पट्टा भोवती आवळलात? मिस्त्री म्हणतात पट्टा, सुतार म्हणतो भोक, आणि रॉडची मापं यावरच अडली आहेत.