मेंदूत पार्टी दिसते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मिरजेत एमआरआय सेंटरवर टेक्निशियन म्हणून मला सतरा वर्षं झाली, आणि निवडणूक लागली की हा प्रश्न येतोच, कधी पेशंटचे नातेवाईक विचारतात, कधी शेजारचे, परवा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात एकानं विचारलं, की तुम्ही रोज माणसांच्या मेंदूचे फोटो काढता, मग कोण कुठल्या पार्टीचा ते त्यात दिसत असेल ना? मोबाईलवर वाचलेलं असतं की डाव्या विचारांच्या लोकांचा मेंदू वेगळा असतो आणि उजव्यांचा वेगळा. एका वाक्यात सांगायचं तर नाही दिसत. पण मी तेवढ्यावर सोडत नाही, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरातलं एक माणूस दुखावलं गेलंय आणि मला ते सहन होत नाही.

आधी माझ्या टेबलावरचं सांगते. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडं ७ मे ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी जो पेशंट येईल त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई. पेशंटला झोपवलं, कानात बोळे घातले, डोक्यावर ती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली, की हातात एक रबरी फुगा देतो, आत जीव घाबरला तर दाबायचा. त्या दिवशी अकरा पेशंट झाले. कुणी कुणाला मत दिलं मला काय माहीत, पण मशीनची ठकठक सुरू झाली की अकराच्या अकरा जणांची शाईची बोटं त्या फुग्यावर आवळली जात होती. पलूसकडच्या एक आजी होत्या, मंगळसूत्र काढून ठेवायला तयार नव्हत्या, शेवटी सुनेच्या गळ्यात घातलं तेव्हा आत आल्या, आणि पूर्ण वीस मिनिटं अजिबात न हलता पडून राहिल्या. त्यांच्या स्कॅनवर मेंदू होता. वयाप्रमाणं थोडा आकसलेला, बाकी काही नाही.

ज्याच्यावरून एवढी चर्चा होते तो भाग म्हणजे अमिग्डाला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बदाम, आणि आकारानं आहेच तो बदामासारखा, कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूला एकेक. याला भीतीचं केंद्र म्हणतात पण ते अर्धंच खरं आहे, आपल्यासाठी महत्त्वाचं काय, कशाकडं लक्ष द्यायचं, कुठली आठवण जपायची, यात सगळ्यात त्याचा हात असतो. दुसरा भाग कपाळाच्या मागं मधोमध, अँटिरिअर सिंग्युलेट, आपली चूक होतीय किंवा दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे टिपणारा. २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रिओटा कनाई वगैरे संशोधकांनी ९० तरुण विद्यार्थ्यांचे स्कॅन घेतले, त्यांना स्वतःचे विचार एक ते पाच अशा पट्टीवर मांडायला सांगितले, आणि असं निघालं की परंपरेकडं झुकणाऱ्यांचा उजवा अमिग्डाला सरासरीनं जरा मोठा, आणि बदल मानणाऱ्यांचं सिंग्युलेट जरा मोठं. कॉलिन फर्थ हा नट एका रेडिओ कार्यक्रमाचा पाहुणा संपादक होता, त्याच्यामुळं हे काम सुरू झालं, पेपरवर त्याचं पण नाव आहे. म्हणून जगभर बातमी झाली, आणि तीच अजून फॉरवर्ड होत फिरतीय.

त्याच्या पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. २०२४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हेच परत करून बघितलं, या वेळी ९२८ माणसं. सिंग्युलेटचा फरक सापडलाच नाही. अमिग्डालाचा सापडला पण आधीच्या जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे तिळाएवढा. तो पण सरासरीत. मी रोज स्क्रीनवर बघते, दोन सख्ख्या भावांच्या मेंदूत याच्यापेक्षा जास्त फरक असतो, नुसत्या डोक्याच्या मापानं पडतो तेवढा. तेव्हा एकट्या माणसाचा स्कॅन समोर ठेवून याचं मत कुणाला हे सांगणं म्हणजे एका उसाच्या कांड्यावरून अख्ख्या फडाचा उतारा सांगण्यासारखं आहे.

आणखी एक प्रयोग फार गाजला होता, २००८ चा, अमेरिकेत नेब्रास्कामध्ये ४६ लोकांवर झालेला. भीतिदायक चित्रं दाखवायची, एकात तर माणसाच्या तोंडावर भला मोठा कोळी, आणि हाताला किती घाम येतो ते मोजायचं. ज्यांना जास्त घाम आला ते सैन्य, शिक्षा, शिस्त या बाजूचे निघाले. २०२० मध्ये दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तसंच करून बघितलं तर काहीच जुळलं नाही. चाळीस-पन्नास माणसांवरून अख्ख्या जगाचं सांगायला गेलं की असं होतं, आणि शास्त्राला याची लाज वाटायचं कारण नाही, परत करून बघणं हेच तर त्याचं काम आहे.

पण म्हणून स्वभाव आणि राजकारण यांचा काहीच संबंध नाही असं पण मी म्हणणार नाही. इथं मला आमची थोरली आत्ती आठवते. माहेर आमचं, वाळवा तालुक्यात, आजोबा लाल बावट्याचे, त्यामुळं लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून सभांना जायची. ७२ च्या दुष्काळात लग्न होऊन तासगावकडं गेली, सासर पक्कं काँग्रेसचं, आणि पुढच्या निवडणुकीला आत्तीचं मत सासरबरोबर. आमच्याकडं हे नवीन नाही, बाईची पार्टी माहेरची वेगळी आणि सासरची वेगळी असते आणि कुणी त्याचं वाईट पण वाटून घेत नाही. पण आत्ती बदलली का? सातबारा, बँकेचं पासबुक, सोसायटीच्या पावत्या सगळं पत्र्याच्या ट्रंकेत आणि किल्ली कमरेला, ही सवय माहेरी होती आणि सासरी पण राहिली. गिरणीतनं दळण आलं की हातात उचलून अंदाज घेणार, अनोळखी माणूस दारात आला तर पाण्याआधी गाव विचारणार, ठिबक करायचं म्हटलं तर तीन वर्षं घरात नाही म्हणून बसली. लाल बावट्याच्या सभेत बसलेली आत्ती आणि काँग्रेसची आत्ती, ट्रंकेची किल्ली दोघींच्या कमरेला.

जुळ्यांच्या अभ्यासात नेमकं हेच आलंय. २००५ मध्ये अल्फोर्ड, फंक आणि हिबिंग या तिघांनी अमेरिकेतल्या हजारो जुळ्यांची माहिती तपासली, एकसारखे जुळे आणि वेगवेगळे जुळे. फाशीची शिक्षा, कर, शाळेतली प्रार्थना असे २८ विषय होते, आणि एकसारख्या जुळ्यांची, म्हणजे जन्मानं सगळं सारखंच घेऊन आलेल्यांची, मतं जास्त जुळत होती, म्हणजे मतांच्या कलात जन्मजात वाटा आहे. पण पक्ष कुठला हे मात्र जास्त करून घरावरनं ठरत होतं. नंतर २००९ च्या एका अभ्यासात दिसलं की मुलं घरात असतात तोवर हा जन्मजात वाटा दिसतच नाही, विशीच्या आसपास घराबाहेर पडली की मग डोकं वर काढतो. आणि त्या अॅमस्टरडॅमवाल्या अभ्यासात एक गोष्ट आहे ती वाचून मी आत्तीला फोनच केला, तिथल्या सोशलिस्ट पार्टीच्या लोकांचा, म्हणजे पैशाच्या बाबतीत एकदम डाव्या पण बाकी वळणानं जुन्या लोकांचा, अमिग्डाला बाकीच्या पुरोगामी पार्ट्यांच्या लोकांपेक्षा मोठा निघाला. मग डावा-उजवा कुठं राहिला? एकाच माणसात दोन्ही असतं. आत्ती म्हणाली, "अगं मग मी काय निराळं सांगत हुते?"

आपल्या जिल्ह्याला हे परदेशातून शिकायला नको खरं तर. ४२ मध्ये आत्ताच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता, प्रतिसरकार इथंच उभं राहिलं, एकाच डोंगरात, एकाच भाकरीवर माणसं भूमिगत राहिली. पुढं क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून १९५७ ला खासदार झाले, आणि त्याच ४२ मध्ये याच जिल्ह्यात भूमिगत राहिलेले देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी काँग्रेसचे मुख्यमंत्री होते. जिवावर उदार होणं दोघांत सारखं, आणि झेंडे दोन. याचं उत्तर मेंदूच्या फोटोत शोधायला गेलं तर काय हाती लागणार?

आता तात्यांचं. तात्या माझे धाकटे चुलते, कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. गेल्या विधानसभेच्या वेळी घरच्या ग्रुपवर त्यांचा आणि माझ्या भाच्याचा वाद झाला, भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, वाचतो. वाद वाढला तसं त्यानं एक चित्र टाकलं, दोन मेंदू, एकात अमिग्डालाला लाल गोल, आणि खाली, "तात्याआजोबा, हे तुमचं. तुमच्याशी बोलून उपयोग नाही, मेंदूच तसा आहे." थोड्या वेळानं तात्यांनी ग्रुप सोडल्याचा मेसेज आला. तेव्हापासून दोन दिवाळ्या झाल्या, तात्या आमच्याकडं फराळाला आले नाहीत.

तुझा विचार चुकलाय असं म्हटलं तर माणूस भांडतो, पण भांडतो म्हणजे बोलतो तरी. मेंदूच तसा आहे म्हटलं की त्याला बोलायला जागाच उरत नाही, तुम्ही त्याचं माणूसपण काढून घेतलंत. आणि ते पण चुकीचं शास्त्र सांगून, हे मला जास्त लागतं.

मागच्या रविवारी मी गावी गेले, भडंग घेऊन, आणि तात्यांना हे सगळं सांगितलं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांचं पण सांगितलं, २००० साली एलेनॉर मॅग्वायर यांनी त्यांचे स्कॅन काढले तर रस्ते लक्षात ठेवणारा, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात मोठा होता, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. २०११ मध्ये शिकाऊ लोकांना आधी आणि नंतर तपासलं, जे परीक्षा पास होऊन टॅक्सीवाले झाले त्यांच्यात तो भाग वाढलेला दिसला. म्हणजे मेंदू माणसाला घडवतो तसं जगणं पण मेंदूला घडवतं, नुसत्या फोटोवरनं आधी कोण ते कळत नाही. तात्या ऐकत होते. म्हणाले, "काट्यावर हुतो तवा दीडशे गाडीवानांची नावं, गावं, बैलं पाठ हुती मला. ती पण कुठंतरी साठली असतील की."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि म्हणाले, "माझ्या डोक्याचं राहू दे. त्या पोरानं ते चित्र टाकलं तवा त्याच्या डोक्यात काय चाललं हुतं, ते कुणी बघितलंय का?"

मी म्हटलं, बघितलंय तात्या. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ४० जणांना मशीनमध्ये झोपवून त्यांच्या पक्क्या मतांच्या विरुद्ध पुरावे दाखवले. बल्ब एडिसननं शोधला असल्या गोष्टीत लोक जरा मागं सरले, पण राजकारणाच्या मतांवर जवळपास जागचे हलले नाहीत. आणि जे सगळ्यात कमी हलले त्यांचा अमिग्डाला जास्त पेटलेला होता. ती चाळीसच्या चाळीस माणसं पुरोगामी विचारांची होती.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोराच्या बाजूची?"

"त्याच्याच बाजूची."

तेवढ्यात शेतीची लाईट आली, तात्या मोटार चालू करायला उठून गेले. ग्रुपवर ते अजून परत आलेले नाहीत. हे लिहिलेलं मी आधी भाच्याला पाठवलंय, काल रात्री साडेअकराला, निळ्या खुणा आल्यात.