धसका

२८ ऑगस्ट २०२०, शुक्रवार

काल गौरी गेल्या. यंदा हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. सवाष्ण म्हणून चुलतीलाच बसवलं आणि पुरणपोळ्या ढीगभर उरल्या. त्यातलीच एक हातात घेऊन सकाळी गच्चीवर गेले. आमच्याकडे पाण्याच्या टाकीला टेकून बसलं तरच रेंज येते. बसले, तर फोन थरथरायचा थांबेचना.

कोर्टाचा निकाल आला होता. परीक्षा होणार. जूनमध्ये राज्याने ठरवलं होतं की शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची नाही, आधीच्या सत्रांवरून गुण द्यायचे. ६ जुलैला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणाली, ३० सप्टेंबरच्या आत परीक्षा घ्याच. मग प्रकरण दिल्लीला गेलं. आज सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षा न घेता राज्याला कुणाला पदवी देता येणार नाही. तारीख पुढे हवी असेल तर यूजीसीकडे मागा.

ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पाऊस. कुणी शिव्या देतंय, कुणी विचारतंय की पुस्तकं हॉस्टेलला अडकलीत त्यांनी काय करायचं. रास्तच आहे. मीही एक रडका चेहरा टाकला.

आणि फोन उलटा ठेवून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

हे फक्त इथेच लिहिते. परीक्षा होणार ऐकून मला बरं वाटलं. अभ्यासाची हौस म्हणून नव्हे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक मार्चपासून उघडलेलं नाही. पण पप्पांचं ठरलेलं वाक्य आहे, 'परीक्षा होऊ दे, मग बघू.' ते 'बघू' म्हणजे स्थळ. जूनमध्ये परीक्षा रद्द झाल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मामा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "झालं की मग, शिक्षण संपलं. आत्ता पन्नास माणसांत उरकतंय. पुढच्या साली पाचशे पानं उठवावी लागतील." हिशेब चूक नव्हता. यंदा सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली. पन्नास माणसांचं लग्न आमच्यासारख्यांना परवडतं.

त्या रात्रीपासून मला झोप नाही.

करोनाची भीती वाटते का, असं सगळे विचारतात. राज्याचा आकडा सात लाखांच्या वर गेलाय, वाटायला हवी. पण रात्री दोन वाजता छातीत जे धडधडतं ते करोनाचं नाही.

३० ऑगस्ट

दिवसभर मुगाच्या शेंगा तोडल्या. निम्म्या पावसाने काळ्या पडल्यात. नखं हिरवी, कंबर मोडली. तरी झोप नाही ती नाहीच.

९ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात बोलणी होत नाहीत आणि पुढे १६ ऑक्टोबरपर्यंत धोंड्याचा महिना. कधी नव्हे ते पंचांग माझ्या बाजूने आहे.

सरकारने परवा 'किरण' नावाची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. १८००-५९९-००१९. चोवीस तास, तेरा भाषांत, फुकट. नाशिकच्या रूममेटला नंबर पाठवला. तिचे दोन आठवडे नुसते निळे टिक येतायत, उत्तर नाही. १८ मार्चला आम्ही एकाच रिक्षातून स्टँडला गेलो होतो. आठ दिवसांत परत यायचं म्हणून दोघींनी गाद्यासुद्धा गुंडाळल्या नव्हत्या. पुढे हॉस्टेलचं क्वारंटाइन सेंटर झालं. तिचा शेवटचा मोठा मेसेज त्यावरच आहे, 'माझी उशी आत्ता कुणाच्या डोक्याखाली असेल गं?' मी हसण्याचं चित्र पाठवलं होतं. आज वाचलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

याच महिन्यात सरकारी आकडे आले. २०१९ साली देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. एकोणीस साली, म्हणजे करोना यायच्या आधी. आता जो तो म्हणतोय की लॉकडाऊनने पोरांची डोकी बिघडली. मग त्या दहा हजारांची कशाने बिघडली होती?

कॉलेजनेही जुलैमध्ये तणावमुक्तीवर ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं. सगळ्यांचे माइक बंद. वेळापत्रक करा, कोमट पाणी प्या, प्राणायाम करा. प्रश्न चॅटमध्ये लिहा म्हणाले. दोनशे जणांसमोर स्वतःच्या नावाने काय लिहायचं? 'सर, आवाज येत नाही' एवढंच लोक लिहीत होते. शेवटी हजेरीचा फॉर्म भरून घेतला.

तर मीच किरणला फोन लावायचं ठरवलं. आता बोलायचं कुठे? घरात सहा माणसं आणि दोन खोल्या. गच्चीवर रेंज आहे, पण शेजारच्या काकू तिथेच डाळ वाळवतात. पुण्याहून आलेली पोरगी म्हणून मार्चमध्ये आशाताई रोज ताप विचारायला यायच्या तेव्हापासून काकूंचं माझ्यावर लक्ष आहे. शेवटी शेळीला पाला आणते म्हणून विहिरीकडे गेले. एक काडी रेंज होती. भाषा निवडा म्हणाले, मराठी निवडली. पलीकडे रिंग वाजत असताना एकदम कळेना की पहिलं वाक्य काय बोलायचं. डिप्रेशन म्हणावं एवढं आपलं काही आहे का? 'करमत नाही' म्हणावं, तर करमत तर शेळीलाही नाही. फोन कापला.

पाला घेऊन आले तर आजी दारात. म्हणाली, "रातच्याला काय करायलीस गं? मला दिसतंय की तू उठून बसलेली."

मी म्हटलं, "काही नाही गं. छातीत धडधडतं."

"आन् हातपाय गार पडतात?"

"हो."

"धसका घेतलायस तू कशाचा तरी."

एवढंच म्हणाली आणि पाला शेळीपुढे टाकायला गेली. तिने कशाचा ते विचारलं नाही. मला अजून तो शब्द जिभेवर घोळवावासा वाटतोय. हेल्पलाइनला सांगायला हा चालला असता.

३० सप्टेंबर, बुधवार, पहाट

आजची तारीख यूजीसीची. पण ती मुदत कधीच पुढे गेलीय. आमच्या विद्यापीठाचे पेपर १२ ऑक्टोबरपासून, घरून, मोबाइलवर. आमच्या घरात मात्र ही तारीख वेगळीच आहे.

१९९३ च्या विसर्जनाच्या रात्री किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या गावातही माळवदं खाली आली. आजी पप्पांना घेऊन बाहेर पळाली म्हणून वाचली. शेजारचं घर सगळं गेलं. त्यानंतर ती वर्षभर घरात झोपली नाही, हे मला गोष्टीसारखं माहीत होतं. दर वर्षी या रात्री ती जागी असते हे मात्र एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. कारण यंदा मीही जागीच होते. एरवी या दिवसांत मी पुण्यात असते.

तीनला बाहेर आले तर ती ओसरीवर बाजेवर बसलेली, पाय खाली सोडून, चपला पायात. मीही शेजारी बसले. मी काही विचारलं नाही, तीच बोलत गेली. म्हणाली, पहिले सहा महिने ट्रक गेला तरी उठून पळायची. लोक हसायचे. सासरे म्हणायचे, हिला वेड लागलंय, माहेरी धाडा. "मंग एक दिस त्यांचीच झोप उडाली," म्हणाली, "मंग नाय कुणी धाडलं." आणि खुदकन हसली.

मी तिला मामांचं सांगितलं. पन्नास माणसांचं, 'बघू'चं, सगळंच. सहा महिन्यांत पहिल्यांदा पुरं वाक्य तोंडातून आलं. मध्येच रडले पण. तिने ना हो म्हटलं ना नाही. पप्पांशी बोलते असंही म्हणाली नाही. तंबाखू मळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुझी ती मैतरीण, नाशकाची, तिचा फोन आला का?"

मी म्हटलं, नाही.

"मंग लाव की तू. ते लिवत बसू नको, फोन लाव. उजाडू दे अन् लाव."

कुत्री भुंकली तशी ती सावध झाली. मला म्हणाली, "किती वाजले?"

मोबाइलमध्ये पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं.

"झालं म्हण की," म्हणाली. चपला काढून बाजेखाली सरकवल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन मिनिटांत घोरायला लागली.

मी बसलेय. सहा वाजता गच्चीवर जाईन.